शामीसाठी नळदुर्गला

तुम्ही नळदुर्गाच्या बाजूला गेला नसाल तर एक सल्ला फुकट देतो. तिथली माणसं काही दाखवायला न्यायला लागली, तर ती वस्तू सध्या जागेवर आहे का, एवढं आधी विचारून घ्या. मी विचारलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी पाच दिवस तिकडे काढले. बिनपाण्याचा धबधबा पाहिला, देवीचं दर्शन घेतलं, ओळीनं पाच घरी पाहुणचार झाला. ज्या मालासाठी गेलो होतो तो मात्र पाचव्या दिवसापर्यंत कुणी दाखवला नाही.

माल होता शामी लेदर. पेट्रोल पंपावर नरसाळ्यात एक पिवळट, मऊ कातडं घालून त्यातून पेट्रोल ओततात, ते तुम्ही पाहिलं असेल. पेट्रोल खाली उतरतं, पाणी वर अडकतं. गाडी पुसायलाही तेच. भिजवा, पुसा, पिळा, की पुन्हा तयार. आमचे मेकॅनिक त्याला शामी म्हणतात. मूळ नाव शॅमॉय. युरोपातल्या आल्प्स पर्वतात या नावाचं एक जनावर आहे, बोकड आणि हरीण यांच्या अधलं-मधलं, कड्याकपारींवरून उड्या मारणारं. पूर्वी त्याच्या कातड्याचं करत. आता विलायतेतही मेंढीच्याच कातड्याचं करतात, नाव तेवढं त्या जनावराचं राहिलंय.

पुण्यात माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बाहेरचा माल यायचा बंद झाल्यापासून मी शामीपायी हैराण होतो. पंपवाले रोज माणूस पाठवायचे. अशात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका गावाहून पाकीट आलं. गावाचं नाव लिहीत नाही, मला तिथं अजून काम आहे. पाकिटात तळहाताएवढा तुकडा होता आणि सुंदर अक्षरातलं पत्र. आमच्या चर्मोद्योग सहकारी संस्थेचे सभासद इरण्णा यांच्या घरचा हा नमुना आहे, महिनाअखेरपर्यंत आपली लेखी ऑर्डर आली तर संस्था टिकेल, न आल्यास ती मोडीत निघेल व पाचही घरांना खडी फोडायला जावे लागेल, तरी कृपा व्हावी. खाली सचिवांची सही.

तुकडा पाहून मी उडालोच. पाण्यात घातला, पिळला, पेट्रोल गाळून पाहिलं. विलायती मालाच्या तोंडात मारेल असा. आठ दिवस मी त्यानं चष्मा पुसला आणि नवव्या दिवशी सोलापूरची गाडी पकडली.

गावात

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली. झाडाखाली माणूस नाही, जनावर नाही. माणसं होती ती सगळी रस्त्याच्या कडेला, डोक्यावर पटकूर घेऊन खडी फोडत बसलेली. बसच्या खिडकीतून मैलोगणिक तोच आवाज येत होता.

फाट्यावर न्यायला दोघं आले होते. चेअरमन मल्लिनाथ, तिशीतला, बोलायला तयारीचा. दुसरे सचिव, वाघमारे मास्तर, पत्र त्यांचंच. मास्तर बौद्ध. छप्पननंतर त्यांच्या घरानं मेलेल्या जनावराला हात लावायचं सोडलं, आणि कातडं कमावणारी पाच घरं ढोर समाजाची. मग तुम्ही संस्थेत कसे, असं मी विचारलं.

"आमच्या वडलांनी ते काम सोडलं ते सोडलंच," मास्तर म्हणाले. "पण ह्यांच्यात लिहिणारं कुणी नव्हतं. दरखास्त लिहायला काय जातंय?"

एकदा नळदुर्गच्या पंपावर ट्रकवाल्याच्या हातात शामी पाहून या माणसाला कळलं होतं की असलंच कातडं आपल्या गावात आहे. पंपावरच्या शामीच्या डब्यावरून माझा पत्ता त्यांनीच उतरून घेतला होता. म्हणजे डोकं होतं. तेच डोकं पुढचे चार दिवस कुठं गेलं, याचा मला फार राग आहे.

चेअरमनच्या घरी जेवण झालं. मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. पुण्यात रेशनवर हीच लाल मिलो मिळे तेव्हा आम्ही तिला नावं ठेवून कोंबड्यांना घालत होतो. इथं चेअरमनच्या आईनं मला तिसरी भाकरी वाढली तेव्हा तिच्या टोपल्यात एकच उरलेली दिसली. मी पोट भरल्याचं सांगितलं. तिला ते खोटं वाटलं, आणि ते खोटंच होतं.

मग इरण्णाकडे गेलो. संस्थेचा मुख्य कारागीर हाच, असं सगळे म्हणत होते. साठीचा, काटकुळा, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. बोलणं कमी. त्यानं माझ्यापुढे चाळीसेक कातडी एकेक करून पसरली. दुष्काळात धनगरांनी मेंढरं मिळेल त्या भावानं विकली होती, त्यामुळे कातड्यांना तोटा नव्हता. सगळी तरवडाच्या सालीत कमावलेली, तांबूस, आणि वरची बाजू अशी घोटलेली की तीत माझ्या टोपीची सावली दिसत होती. इतकं देखणं काम मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यातलं एकही माझ्या उपयोगाचं नव्हतं.

कातड्याला केसाकडून एक गुळगुळीत पापुद्रा असतो. शामी करायची तर तो आधी खरडून काढावा लागतो. तो राहिला की कातडं पाणी पीत नाही, पेट्रोल सोडत नाही. हे मी इरण्णाला समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"त्यो काढायचा?" तो म्हणाला.

"हो."

"त्येच तर कातड्याचं तोंड हाय. तोंड काढल्यावर ऱ्हातंय काय?"

"जे राहतं तेच मला हवंय."

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी वेड्याच्या इस्पितळातून सुटून आलोय. फाट्यावरून येताना मी शामीच्या नावाची गोष्ट सांगितली होती, ती आठवून मल्लिनाथनं विचारलं, "पर साहेब, शामी म्हंजे ते डोंगरातलं जनावर ना? मग तुमी मेंढीचं कातडं का मागायलाव?" मी म्हटलं, नाव त्याचं, कातडं मेंढीचं. "म्हंजे लोकास्नी शामी सांगून मेंढी इकायची," इरण्णा म्हणाला. एवढा मोठा व्यवहार त्यानं एका वाक्यात संपवला. मग पाचही घरांतून एकेक माणूस येऊन ते जनावर कसं असतं हे मला विचारून गेला. पुण्याहून आणलेल्या कॅटलॉगातलं चित्र मी पाच वेळा दाखवलं. शिंगं लई बारकी हायत, असं सगळ्यांचं मत पडलं.

शेवटी मी म्हटलं, बोलणं पुरे, कातडं पाणी पीत नाही ते दाखवतोच. बादलीभर पाणी आणा. थोड्या वेळानं इरण्णाची सून सुंदरा, खडीच्या कामावरून नुकतीच परतलेली, कडेवर तान्हं लेकरू, दुसऱ्या हातात अर्धी बादली घेऊन आली. मी एकामागून एक सहा कातडी बुडवून दाखवली. पाणी ओघळून जात होतं.

"त्ये पाणी कसं पिईल," ती हळूच म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही, आणि मीही लक्ष दिलं नाही.

प्रयोग संपल्यावर शेजारची म्हातारी आली आणि ते तांबडं झालेलं पाणी शेळीसाठी उचलून घेऊन गेली. टँकर दोन दिवसांनी येतो, असं मास्तरांनी नंतर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं? मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जास्तच राग येतो.

दुसरा दिवस

"साहेब, आज तुमच्या मनासारखं झालंय," असं मल्लिनाथ सकाळीच सांगत आला. मी चहा अर्धा टाकून गेलो. इरण्णानं तीन कातडी काढून ठेवली होती. ती कालच्याहून चमकत होती.

"पहाटंपास्नं बाटलीनं घोटलंय," तो म्हणाला. "तुमी काल नाराज झालता."

मी डोक्याला हात लावला. पापुद्रा काढायचा, काढायचा, काढायचा, असं मी तीनदा सांगितलं. त्यानं एक कातडं मांडीवर घेतलं, तासायची रापी उचलली, केसाकडच्या बाजूवर टेकवली आणि तशीच धरून बसला. मग कातडं उलटं करून मांसाकडची बाजू तासायला लागला. हात असा चालत होता की पाहत राहावं. पण चुकीच्या बाजूला चालत होता.

मी खिशातला नमुना काढून त्याच्या पुढ्यात धरला. "हे तुम्हीच पाठवलंत ना? मग हे कसं केलं?"

इरण्णानं नमुन्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मल्लिनाथ म्हणाला, "त्ये ह्यांच्याच घरी केलंय साहेब. खोटं सांगत न्हाय." आणि लगेच, "तुमी किल्ला बघितलाव का?"

बिनपाण्याचा धबधबा

किल्ला भला मोठा आहे, खोटं कशाला बोला. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात महाल बांधलाय. पावसाळ्यात वरून दोन धारा कोसळतात आणि आत कोरडं बसून त्या पाहता येतात. तिसऱ्या दिवशी आम्ही आत जाऊन बसलो. बाहेर ऊन कोसळत होतं.

"पाणी असतं तर लई भारी दिसतंय," मल्लिनाथ म्हणाला.

"कुठून पडतं?"

"त्ये काय, तिथून." त्यानं कोरड्या दगडावरच्या शेवाळाच्या काळ्या खुणेकडे बोट केलं. आम्ही दोघांनी बराच वेळ ती खूण पाहिली. येताना उंबरठ्याला ठेच लागून माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चामड्याच्या संस्थेचा चेअरमन बरोबर असताना मी सुतळीनं बांधलेली चप्पल घालून परत आलो, हे घरी सांगितल्यावर बायको दोन दिवस हसत होती.

तुळजापूर

चौथ्या दिवशी, आईचं दर्शन घेतल्याबिगर कामं होत न्हायत, असं ठरलं. कुणी ठरवलं माहीत नाही. मल्लिनाथला काम निघालं म्हणून वाघमारे मास्तर माझ्याबरोबर आले. ते देवळाबाहेर चहाच्या दुकानात पेपर वाचत बसले. तो त्यांचा रिवाज होता आणि मी त्याबद्दल काही विचारलं नाही. मी आमच्या पुजाऱ्यांकडे गेलो. त्यांनी पट्टा काढायला लावला, पाकीट काढायला लावलं, चामडं आत चालत नाही म्हणाले. मग माझ्या हातातला शामीचा तुकडा पाहून, "चष्म्याचं फडकं राहू द्या," म्हणाले. मी सांगणार होतो, पण बाहेर शंभर माणसं रांगेत उभी होती. आईनं समजून घेतलं असेल. तिच्यापुढे वाजतं ते संबळही कातड्याचंच.

परतीच्या बसमध्ये मी मास्तरांवर फुटलो. चार दिवस झाले, मला फिरवताय, जेवू घालताय, आणि हा तुकडा कुणी केला हे साधं सांगता येत नाही?

"इरण्णाच्या घरी केला."

"इरण्णानं केला?"

"घरी केला म्हणालो मी."

"मास्तर, घर कातडं कमावत नाही. माणूस कमावतो. कुणी केला?"

मास्तरांनी तिकिटाची घडी घातली. "सुनेनं," म्हणाले. "सुंदरानं."

चार दिवस हे लोक एका निष्णात कारागिराकडून नेमकी तीच गोष्ट करवून घ्यायला बसले होते जी त्याच्या हातून होणं शक्य नव्हतं, आणि जिला येत होती ती रोज समोरून खडी फोडायला जात होती. आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नव्हतं. घरात कुणीही केलेलं काम त्या घराच्या कर्त्याचं, ही तिथली रीत. पत्रात इरण्णाचं नाव घालताना मास्तरांनाही काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

पाचवा दिवस

सकाळी मास्तरांबरोबर खडीच्या कामावर गेलो. सुंदरा दगडांच्या ढिगाऱ्यापाशी बसली होती. लेकरू बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. मी तुकडा दाखवला आणि विचारलं, बाई, हे कसं केलं?

"मामानं एक कातडं टाकून दिलतं," ती हात न थांबवता म्हणाली. "मेंढीला देवी झाल्त्या. वरची बाजू सारी खड्ड्या-खड्ड्याची. मामा असल्याला हात लावत न्हायत. म्या चुन्यातनं काढलं, काचंनं वरचं सारं खरडून टाकलं. मग जवसाचं त्याल चोळायचं आन् उन्हात टाकायचं. धा डाव केलं. राखंच्या पाण्यानं धुतलं."

विलायतेत माशाचं तेल वापरतात. हिला जवस सुचलं, आणि उन्हाचा तर गावात दुष्काळ नव्हता. "पण केलंत कशासाठी?"

"लेकराखाली घालाया. फडकं धुयाला बादली लागती. ह्ये पिळलं की झालं."

मी चष्मा डोळ्यांवरून काढला, तुकड्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, आणि परत डोळ्यांवर ठेवला. मास्तर दुसरीकडे बघत होते.

मी म्हटलं, झालं तर मग. तुम्ही संस्थेसाठी हे करा, आजच ऑर्डर लिहून देतो. तिनं हातोडी खाली ठेवली.

"करीन की. पर कुणाच्या नावावर?"

"संस्थेच्या."

"संस्थेत मामा हायत. म्या न्हाय. हितं मस्टरवर माझं नाव लिवलंय, सुंदरा म्हणून. रोज हाक मारत्यात, म्या व्हय म्हणते. तिकडं केलं तर इरण्णाच्या घरी केलं असं व्हणार." तिनं मास्तरांकडे पाहिलं. "सभासद करून घ्या, येते. न्हायतर खडी बरी."

दुपारी मल्लिनाथच्या पडवीत पाचही घरं जमली. सुंदरा खांबाशी उभी. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, बाईंना सभासद करा, ऑर्डर घ्या, मला संध्याकाळची बस आहे.

"एका घरात एकच शेअर," मल्लिनाथ म्हणाला. "पोटनियम हाय."

"पोटनियम बदला."

"त्याला वर दरखास्त द्यावी लागती. सा म्हैने जातेत."

"तुमची संस्था आठ दिवसांत मोडतेय."

"व्हय, पर पोटनियम हाय ना."

इथं माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. नियम, रीत, घर, किल्ला आणि मिलोची भाकरीसुद्धा त्यात आली. कुणी उलट बोललं नाही, त्यामुळे मला आणखी बोलावं लागलं. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा इरण्णानं माझ्या हातातून तुकडा घेतला. चिमटीत धरून चोळला, ताणला, वास घेतला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यानं त्याला हात लावला होता.

"जवस?" त्यानं सुनेला विचारलं.

"व्हय मामा."

"किती डाव?"

"धा."

"मऊ झालंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "झ्याक झालंय साहेब. पर आमच्यात ह्येला कातडं म्हणत न्हायत. कातड्याला तोंड पायजे. म्या जनमभर तोंड राखलं. त्येच्यावर काच चालवाया माझा हात व्हायचा न्हाय, तुमी कितीबी सांगा."

"तुम्ही नका करू. बाई करतील."

"व्हय. मास्तर, घरात एकच शेअर ना? तर माझं नाव काढा. तिचं लिवा."

मास्तर म्हणाले, "इरण्णा, मग तुम्ही?"

"खडीवर तिची जागा मोकळी व्हतीय की."

"मामा, तुमची बोटं," सुंदरा म्हणाली.

"बोटास्नी आता काय काम हाय?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, असला आडमुठेपणा करू नका, तुमचं कातडं मी चपलांसाठी खपवून देतो, पुण्यात ओळखी आहेत. मी ते मनापासून म्हणत होतो. पण त्याला ते कीव केल्यासारखं लागलं, आणि खरं तर त्यात थोडी कीव होतीच. त्यानं मान हलवली. मला त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला, की त्याला गदागदा हलवावं आणि त्याच्या पायाही पडावं, दोन्ही एकदम वाटलं.

मी ऑर्डर लिहिली. वाघमारे मास्तरांनी सभासदांचं पुस्तक काढलं, इरण्णाच्या नावावर बारीकशी रेघ ओढली, खालचं नाव वाचता येईल अशी, आणि पुढं सुंदराचं लिहिलं. तिला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

"झालं?" इरण्णानं विचारलं.

"झालं."

तो उठला, धोतर झटकलं आणि सुनेपाशी जाऊन उभा राहिला. उजवा हात पुढे करून त्यानं मूठ वळली, उघडली, परत वळली.

"सुंदरा," तो म्हणाला, "हातोडी कुठं धरत्यात गं?"

तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्याची बोटं एकेक करून जागेवर बसवून दाखवली.